हाडांना दत्तकविधान कळत नाही

आजारपणानं माणूस शहाणं होतं, असं लिहिणाऱ्यांचा मला मनापासून राग आहे. मी झाले नाही. आजारी पडण्याआधी जितकी खवचट होते तितकीच आहे; जरा जास्तच, कारण आता वेळ भरपूर असतो. हे लिहायला बसले ते एवढ्यासाठी, की उद्या तुमच्यापैकी कुणावर त्या बंद खोलीत जायची पाळी आली, तर मूर्खपणा कुठे कुठे करता येतो याची आधी माहिती असावी. मी जवळजवळ सगळे करून बघितले आहेत.

विजयी बाई

वीसेक वर्षांपूर्वी मला गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर झाला होता. इंदूरला जाऊन रेडिएशन घेतलं, ज्याला आमच्या उज्जैनकडे सगळे सिकाई म्हणतात. जणू गुडघा शेकायला गेलो होतो. बरी झाले. इथपर्यंत ठीक.

पण त्यानंतर जी बाई जन्माला आली, ती आज माझ्या दारात आली तर मी तिला चहासुद्धा विचारणार नाही. ही बाई भाषणं द्यायची. आमच्या फ्रीगंज वस्तीतलं महिला मंडळ असो की कुणाचं हळदीकुंकू, भैरवगढ़च्या छापाची साडी नेसून ही माईकसमोर हजर. "मी मृत्यूला दारातून परत पाठवलं!" असं म्हणायची, आणि तिथं थांबून चष्मा काढायची. चष्मा कुठल्या वाक्यावर काढायचा ते ठरलेलं असे. बायका डोळे पुसायच्या. शाल मिळायची, नारळ मिळायचा, आणि ही घरी येऊन आमच्या ह्यांना विचारायची, "आवाज शेवटी जरा कापला ना? चांगला वाटला ना?"

डॉक्टरांनी सांगितलं होतं, दर वर्षी रक्त तपासत जा. दोनदा तपासलं. मग ही बया म्हणाली, तपासण्या भित्र्यांसाठी असतात, मी जिंकलेय. इकडे ज्या किरणांनी कॅन्सर जाळला, तेच कमरेच्या हाडांतूनही गेले होते. रक्त तिथंच तर तयार होतं. वर टाळ्या वाजत होत्या आणि आत हाडं गपचूप पोकळ होत चालली होती.

कारखाना

सुरुवात बांगड्यांनी झाली. बांगडी चढवली की मनगटावर जांभळा डाग. मग जिना चढताना धाप. फ्रीगंजमधल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि "उम्र का तकाजा है, काकी" असं सांगितलं. वयाचा तकाजा म्हणून हिरड्यांतून रक्त येतं, हे मला नवीन होतं.

शेवटी इंदूर. कमरेच्या हाडात सुई घालून काहीबाही काढलं. त्याचं वर्णन करत नाही. दुखतं, आणि "बिलकुल दर्द नहीं होगा" म्हणणारा माणूस खोटं बोलत असतो, एवढं लक्षात ठेवा.

रिपोर्टच्या दिवशी तरुण डॉक्टर हात जोडून बसला. "माताजी, यूँ समझिए, आपका कारखाना बंद पड़ गया है।"

मी म्हटलं, "डॉक्टरसाहब, कारखाना मत बोलिए. बोन मॅरो बोलिए. मैंने पैंतीस साल बच्चों को विज्ञान पढ़ाया है."

बिचारा वरमला आणि सरळ बोलायला लागला. जुन्या रेडिएशननं अस्थिमज्जा जळाली आहे. जी उरली आहे ती वाकडीतिकडी रक्तपेशी बनवतेय, आणि पुढंमागं तिचा रक्ताचा कॅन्सर होणार. रक्ताच्या पिशव्या चढवून काही महिने ढकलता येतील. खरा उपाय एकच: दुसऱ्या कुणाच्या स्टेम सेल माझ्यात घालायच्या. त्या हाडांत जाऊन बसल्या, रुजल्या, तर नवीन रक्त. नाही रुजल्या तर... इथं त्यानं वाक्य सोडून दिलं. मुलाच्या पेशी अर्ध्या जुळतात, त्यावरही करतात, पण माझ्या वयाला धोका जास्त. सख्ख्या भावंडाच्या पूर्ण जुळल्या तर सोनं.

"कितने भाई-बहन हैं आपके?"

"एक बहन," मी आणि आमचे हे एका सुरात म्हणालो.

ग्वाल्हेरहून ताई आली, रक्त दिलं. जुळलं नाही. ताई अशी रडली, की दवाखान्यातले लोक तिलाच पेशंट समजून पाणी देत होते. "मला नापसंत केलं गं," म्हणाली. मुलगी पाहायला आलेल्यांनी नकार कळवावा, तसा चेहरा. मी तिची समजूत घालत बसले. मरणार कोण होतं, आणि कुणाची पाठ कोण थोपटत होतं!

हितचिंतक

बातमी पसरली आणि घरात जत्रा सुरू झाली. एकीनं गव्हांकुर आणले. एकानं गोमूत्र. एक दूरचे भाचेजावई येऊन सोफ्यावर तासभर बसले आणि याच रोगानं गेलेल्या त्यांच्या ओळखीच्या सगळ्यांची अंत्ययात्रा काढून, "पण तुम्ही पॉझिटिव्ह राहा" म्हणून उठले. पॉझिटिव्ह राहा! माझ्या हाडांत काही राहिलं नव्हतं, तिथं मी काय राहू?

आणि एक कुठून तरी स्टेम सेलचे थेंब घेऊन आला. बाटलीवर सफरचंदाचं चित्र. सकाळी दहा, रात्री दहा, जिभेखाली. आमच्या ह्यांनी, एम.कॉम. झालेल्या माणसानं, ते विकत घेतले. मी रोज नेमानं कढीपत्त्याच्या कुंडीला घातले. त्यालाही काही फरक पडला नाही.

लोकांना सांगते, थेंबवाल्यांना दारातूनच परत पाठवा. जे खरं आहे ते बाटलीत येत नाही, आणि ते सोपं तर मुळीच नाही.

शर्वरीचा प्रश्न

शर्वरी माझी सून. सांगलीकडची. आमच्या माळव्यातल्या मराठी घरांत अठराव्या शतकापासून काय काय चालत आलंय, याची तिला ना माहिती, ना भीती. एका संध्याकाळी मेथी निवडता निवडता तिनं विचारलं, "आई, देवासचे बाळूकाका तुमचे कोण?"

"मावसभाऊ म्हण," मी म्हटलं.

"पण परवा ताईमावशी रडताना 'आपल्या आईचा बाळू' म्हणाल्या."

आमचे हे वर्तमानपत्रामागून बोलले, "तो दत्तक गेलाय."

"म्हणजे सख्खे?"

"होता. आता नाही. दत्तविधान झालंय रीतसर. गोत्र वेगळं, घर वेगळं."

शर्वरीनं हातातली जुडी खाली ठेवली. "बाबा, दत्तक गेले म्हणजे हाडंपण बदलून घेतली का त्यांनी?"

वर्तमानपत्र खाली आलं. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. एक वाणिज्य शिकलेला, एक विज्ञान शिकवलेली. पस्तीस वर्षं मी फळ्यावर खडूनं आनुवंशिकता काढली होती, आईकडून अर्धं, बापाकडून अर्धं, आणि डॉक्टरनं भावंडं विचारली तेव्हा गोत्राप्रमाणे उत्तर दिलं होतं.

सांगते कसं झालं. बाळू साडेतीन वर्षांचा असताना आईच्या मावसबहिणीनं त्याला दत्तक घेतलं. देवासच्या जुन्या मानकरी घराण्यात दिलेली, पण मूल नाही. आम्ही तिला माईसाहेब म्हणतो. होम झाला, माझ्या बापानं उदक सोडलं, बाळूला तिच्या मांडीवर बसवलं. मी नऊ वर्षांची होते आणि नवीन परकर मिळाला म्हणून खूश होते. परतताना बाबांनी टांग्यात सांगितलं: तो आता आपला नाही. त्याला मोजायचं नाही. मोजलं तर त्या बाईचा अपमान. आई तोंडाला पदर लावून बसली होती. आणि मी, लाडकी शहाणी पोर, इतकी आज्ञाधारक, की पन्नास वर्षं मोजलं नाही. लग्नकार्यात भेटायचो. "कसे आहात?" "बरं आहे, आपण?" असं, बँकेत भेटल्यासारखं. तो तर बँकेतच मॅनेजर झाला होता.

तुम्हाला डॉक्टरनं भावंडं विचारली, तर सगळी सांगा. दत्तक गेलेली, पळून गेलेली, कोर्टात केस चालू असलेली, सगळी. रीतीरिवाज रक्ताच्या आत पोचत नाहीत.

देवास

बाळूला फोन केला तर तो क्षणभरही थांबला नाही. "देतो की. पण आईला विचारावं लागेल."

सत्तावन्न वर्षांचा माणूस! मला हसू आलं, आणि मग लक्षात आलं की हसण्यासारखं काही नाही. नव्वदीला टेकलेल्या त्या बाईला माझ्या बापानं शब्द दिला होता, आमच्या घरातून कुणीही या मुलावर कधी हक्क सांगणार नाही. ती नाही म्हणाली, तर बाळू देणार नव्हता. मी त्याला ओळखत नव्हते, पण एवढं आवाजावरून कळलं.

प्लेटलेट चढवून घेतल्या, तोंडाला दोन मास्क लावले आणि शर्वरीला घेऊन गेले. माईसाहेब पलंगावर तक्क्याला टेकून बसल्या होत्या. मी तयारी करून गेले होते. आईची आठवण, एका कुशीतली भावंडं वगैरे. जुनी भाषणवाली बाई कुठे जातेय? योग्य वाक्याला तिनं चष्मा काढला.

"चष्मा लाव," माईसाहेब म्हणाल्या. "नाटकं नकोत. तुझ्या बापानं काय शब्द दिला होता?"

"परत मागणार नाही म्हणून."

"मग कशाला आलीस?"

"त्याला मागत नाही, माईसाहेब. त्याच्या रक्तातल्या थोड्या पेशी हव्यात. बियाण्यासारख्या."

"हाडं फोडणार त्याची?"

"नाही. आधी चार-पाच दिवस इंजेक्शनं. मग एका हातातून रक्त मशीनमध्ये जातं, पेशी काढून घेतात आणि दुसऱ्या हातात परत."

"दुखेल?"

"अंग ठणकतं म्हणतात. किती ते मला माहीत नाही."

"आणि एवढं करून तू मेलीस तर?"

"तर मेले."

"त्याचं जे गेलं ते?"

"तेही वाया गेलं."

बाळू दारात उभा होता. काही बोलणार होता, म्हातारीनं नुसता हात वर केला. "हिनं निदान खरं सांगितलं. हिचा बाप गोड बोलून गेला होता. म्हणाला, पोर आठ दिवसांत रुळेल. हा तीन महिने जेवत नव्हता. मला बोचकारायचा." मग मला म्हणाली, "तू मागून नेणार, असं नाही चालायचं. माझ्या घरातलं कुणी मागून नेत नाही. मी देईन. बाळ, ताम्हन आण."

ताम्हन आलं, पळी आली. माझा हात पुढे घेऊन तिनं त्यावर पाणी सोडलं. मंत्र नाही, गुरुजी नाही. "माझ्या मुलाचं रक्त हिला दिलं. आता त्याच्यावर आमचा हक्क नाही."

मी विज्ञानाची शिक्षिका. अंगावर काटा वगैरे येण्यावर माझा विश्वास नाही. आला. मात्र गाडीत बसताक्षणी शर्वरीनं त्याच हाताला सॅनिटायझर चोळलं, तेही बरोबरच.

बाळूचं रक्त पूर्ण जुळलं.

काचेमागचं सोवळं

त्या खोलीबद्दल थोडक्यात सांगते. माझी सासू कडक सोवळ्याची होती. ओलेत्यानं स्वयंपाक, कुणाचा पदर लागला की पुन्हा अंघोळ. तरुणपणी मी तिची नक्कल करून मैत्रिणींना हसवायचे. त्या खोलीत मी माझ्या सासूच्या वरताण झाले. फूल नको, फळ नको, कच्ची कोथिंबीर नको, बाहेरचं पाणी नको, माणूस नको. ताईनं रुमालात बांधून देवळातला अंगारा आणला होता. सिस्टरनं तो दोन बोटांत धरून बाहेर ठेवला. "अम्माजी, भगवान से बोलिए, अभी विज़िटिंग बंद है।" मला ती मुलगी फार आवडली.

आधी औषधांनी माझं उरलंसुरलं सगळं मारून टाकलं. केस गेले, या वयात त्याचं कौतुक उरलं नव्हतं. मग बाळूची पिशवी आली. एवढा गाजावाजा केलेली ती स्टेम सेल थेरपी दिसायला म्हणाल तर पातळ टोमॅटोच्या सारासारखी. सलाइनच्या दांडीला लटकवली, थेंब थेंब आत गेली, संपली. मी सिस्टरला विचारलं, "बस? इतना ही?" ती म्हणाली, "बस अम्माजी. अब उगने का इंतज़ार।"

ते थांबणं भयंकर. तोंडाची आतून सालं निघाली, थुंकी गिळायची म्हणजे काच गिळायची. त्या दिवसांत भीती वाटली. ती तुमच्या-माझ्यासारखीच सामान्य, कंटाळवाणी, तेच तेच बोलणारी भीती होती. "नाही रुजलं तर?" दिवसभर एवढं एकच वाक्य. भाषणात सांगण्याजोगं त्यात काही नव्हतं. शर्वरी काचेपलीकडून फोनवर बोलायची आणि मी नुसती हूं हूं करायचे. ती मला धीर देत नसे, कामवालीच्या तक्रारी सांगायची. तो फार मोठा उपकार होता.

आणि रोज दुपारी बाळूच्या फोनवरून माईसाहेब. माझी तब्येत त्यांनी एकदाही विचारली नाही. "आमचं तिथं कसं आहे?" एवढंच. हक्क सोडल्यानंतरची ही गोष्ट!

एका सकाळी डॉक्टर काचेवर टकटक करून हसला. पांढऱ्या पेशी दिसायला लागल्या होत्या. माझ्या नव्हत्या, त्याच्या होत्या. आमचे हे काचेला हात लावून इतके रडले, की मला फोनवर त्यांना दटावावं लागलं.

मिशी

इथं संपवलं असतं तर आजारपणाच्या बाकी पुस्तकांसारखं झालं असतं. पण मी अजून एक मूर्खपणा केला, आणि हा सगळ्यात महागात पडला.

नवीन पेशी म्हणजे परक्या घरात आलेलं पोर. त्यांना वाटतं हे घर आपलं नाही, आणि त्या घरावरच उठतात. त्यांना शांत ठेवायला रोज गोळ्या घ्याव्या लागतात. त्या गोळ्यांनी हात थरथरतो, आणि चेहऱ्यावर केस येतात. डोक्यावर एक नाही, आणि ओठावर मिशी! इंदूरला दवाखान्याजवळ खोली घेऊन राहत होतो, तिथल्या आरशात मी रोज बघायचे आणि शर्वरीजवळ कुरकुरायचे. तिसऱ्या आठवड्यात ठरवलं, पेशी आता रुळल्या, गोळ्या अर्ध्या केल्या तर काय होतंय? उरलेली अर्धी गोळी मी रुमालात गुंडाळून टाकायचे. सुनेच्या नजरेसमोर! फार हुशारी वाटायची.

हातापायांचे तळवे लाल झाले. मग सगळ्या अंगावर पुरळ, मग जुलाब. असे की उठवेना. पुन्हा भरती. डॉक्टरनं एकच प्रश्न विचारला, "गोलियाँ पूरी ले रही थीं?" मी छताकडे बघितलं. शर्वरीनं माझ्याकडे बघितलं, आणि बाहेर जाऊन फोन लावला. माझ्या नवऱ्याला नाही, माझ्या मुलाला नाही. बाळूला.

तो देवासहून आला तो मास्क चढवतच. मला वाटलं आता "कशा आहात ताई" होणार.

"अक्कल आहे का तुला?" वॉर्डात सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला. "पाच दिवस सुया टोचून घेतल्या मी! पाठ मोडून गेली! आणि तू मिशीसाठी गोळ्या फेकून राहिलीस?"

"आवाज खाली कर. मी मोठी आहे तुझ्याहून."

"असशील मोठी! रक्त माझं आहे!"

"दिलंस ना? पाणी सोडून दिलंय! आता माझं आहे, मी काय वाट्टेल ते करीन!"

"करून दाखव!"

पन्नास वर्षांत आम्ही पहिल्यांदा भांडत होतो. मला जुलाबानं बोलायची शक्ती नव्हती, तरी मी सोडणार नव्हते. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. दुपार झाली होती. त्यानं चिडून स्पीकर लावला.

"कोण ओरडतंय?" माईसाहेब.

"आई, ही गोळ्या घेत नाही. सगळं पुन्हा बिघडवून बसलीय."

पलीकडून आवाज आला, "मग दे एक ठेवून. तुझी बहीण आहे, तुला कुणी काही म्हणणार नाही."

बाळू फोनकडे बघत राहिला. माझा चष्मा नाकावरच होता. तो काढायचं सुचलंच नाही.

"गोळी दिली का?" त्या ओरडल्या.

सिस्टरनं गोळी आणली. अख्खी. मी घेतली, पाणी प्यायले.

"गिळली का बघ. लबाड आहे ती, बापासारखी. तोंड उघडायला लाव."

"तोंड उघड," बाळू म्हणाला.

"अरे, गिळली—"

"उघड."

मग बासष्ट वर्षांच्या, नातवंडं असलेल्या, मिशी फुटलेल्या बाईनं वॉर्डातल्या सगळ्या बायकांसमोर आ केला. माझ्या धाकट्या भावानं हातमोजा घातला, तेवढी अक्कल त्याला आहे, आणि माझ्या जिभेखाली बोट फिरवून बघितलं.

"गिळलीय, आई," तो म्हणाला.

"उद्या परत बघ," माईसाहेब म्हणाल्या, आणि फोन ठेवून दिला.